डोकेदुखीचं टपाल

हे कोणालाच पटणार नाही, पण २००४ च्या उन्हाळ्यात राजुऱ्यातल्या आमच्या मागच्या खोलीत इतका अंधार होता, की आमचं मांजर आत गेलं आणि शेपटी हरवून बाहेर आलं. तीन दिवस शोधत होतं बिचारं. मी गुणवंतराव, तीस वर्षं एसटीचा कंडक्टर. थाप मारतो, पण तिकिटाएवढीच फाडतो.

त्या खोलीत माझी लेक रंजीता पडून असायची. अर्धशिशी. महिन्यातले वीस दिवस. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत चिंध्या, कारण मोहाचा हंगाम होता आणि त्या गोड वासानंही तिला उलटी यायची. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की भांडी थरथरत, आणि ती उशी कानांवर दाबून धरायची. सावली गावात तिचं सासर. ते म्हणाले, ताप नाई, सूज नाई, नुसती नाटकं. दिलं माहेरी पाठवून.

ते मी गिळलं. पण एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, मी खरंच नाटक तर नाई करून राह्यली?"

तेव्हा मी घाबरलो.

बाजारातल्या सायबर कॅफेवाल्या अजीमनं इंटरनेटवर एक जागा शोधून दिली. तिथं जगभरचे अर्धशिशीवाले आपापलं दुखणं लिहीत. रंजीताला नेलं. दहा मिनिटं वाचून तिचा चेहरा असा उजळला, जसा लग्नातही उजळला नव्हता. अकराव्या मिनिटाला पडद्याच्या उजेडानंच तिचं डोकं उठलं. रिक्षात आडवी घालून आणली.

जिथं तिला खरं मानत होते, तिथं तिला बघताच येईना. मग मीच जाऊ लागलो. अजीम इंग्रजी वाचून मला सांगायचा, मी घरी येऊन तिला.

टपाल काय, अगदीच फिकं! 'आज तिसरा दिवस. पडदे बंद.' 'पोरीच्या शाळेत जाता आलं नाही. रुसली.' 'पुढचं नंतर लिहिते.' आणि ते नंतर कधी यायचंच नाही. मला जांभया येत. पण रंजीता म्हणायची, "अजून एकदा सांगा न, बाबा." आणि त्या दिवशी अर्धी भाकर खायची.

जूनमध्ये ते पान उघडेना. आठ दिवस अजीमनं खटपट केली. "भाऊ, बंदच झालं ते," म्हणाला.

घरी आलो. अंधारातून आवाज आला, "आलं का काही?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडली नॉर्वेची एक बाई! गळ्यापर्यंत बर्फात बसते, हरणं तिचं कपाळ चाटतात. दुसऱ्या दिवशी ब्राझीलचा पायलट निघाला. महिनाभरात माझ्या डोक्यात बावीस दुखणेकरी राहायला आले. सकाळपासून स्टँडवर बसून मी त्यांची पत्रं रचायचो. एकालाही मधल्या स्टॉपवर उतरवता येईना. उतरवला असता तर माझी पोर जगात एकटी पडली असती.

"किती दिवस रेटान हे?" माझी बायको कमळा चुलीपाशी हळूच म्हणायची. मलाच कुठं माहीत होतं!

एका दुपारी पायलटचं पत्र सांगायला बसलो. डोकं फुटतंय, एक डोळा दिसत नाही, तरी पठ्ठ्यानं नदीवर विमान उतरवलं. अर्धा तास सांगितलं. शेवटी दया येऊन त्याला ठणठणीत बरा करून टाकला.



"लय मोठं लिवलं नं यानं," रंजीता म्हणाली.

"पायलट हाय, शिकलेला मानूस."

"अन् दुखत असतानीच लिवलं?"

"तर! एका हातानं डोकं धरून."

डोळ्यांवरचं ओलं फडकं काढून ती कोपरावर उठली. कित्येक दिवसांत मी तिला अशी उठलेली पाहिली नव्हती.

"खोटं बोलून राह्यले तुम्ही, बाबा. ज्याचं डोकं असं दुखते, त्याच्यानं दोन ओळींच्या वर लिवणं होत नाई. मले माहीत हाय नं, माह्यं खरंच दुखते! हा पायलट-बियलट कोनी नाई. हे तुम्हीच हाये."