गालिच्याच्या कडेला

पाणी आत जात होतं, पण परत येत नव्हतं. गालिचे धुण्याच्या माझ्या मशीनचं काम साधं आहे. टेम्पोतून एका पाइपनं गरम पाणी घरात जातं आणि दुसऱ्या पाइपनं मळ घेऊन परत टाकीत येतं. शनिशिंगणापुरात अमृतच्या घरी त्या दिवशी हा दुसरा पाइप रुसून बसला आणि खोलीत नुसता चिखल झाला.

दुसऱ्या दिवशी अमृतच्या वडिलांचा, सहादेवबाबांचा दहावा होता. पाहुणे याच खोलीत बसणार होते. स्वतःच्या लॉजसाठी आणलेला गालिचा, म्हातारा घसरू नये म्हणून अमृतनं इथं भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरला होता. पोरगा तसा मायाळू. पण मी आल्यापासून त्याचं तोंड आईवर सुटलं होतं.

"डॉक्टर म्हनले, गोळ्या वेळेवर पोटात गेल्या न्हाईत. आईला एवढं एकच काम हुतं, विल्सनभाऊ."

एवढं बोलून तो उद्याची भांडी आणायला गेला. त्याची आई, पुष्पावतीमावशी, पडद्यापाशी उभ्या होत्या.

"मी रोज देत हुते," त्या मला म्हणाल्या. "पन आता माझीच मला खात्री वाटंना."

लोकांच्या घरच्या भांडणात पडायची मला हौस नाही. मी टेम्पोकडे गेलो. मशीनचा पट्टा ठीक होता. टाकीची जाळी काढून धुतली, तरी फरक नाही. ओढ दाखवणाऱ्या मीटरचा काटा मात्र नेहमीपेक्षा वर चढलेला. टाकीपासून पाइप सोडून टाकीच्या तोंडाशी तळहात धरला, तर हात आत ओढला गेला. म्हणजे मशीनचा दोष नव्हता, पुढंच कुठंतरी अडलं होतं. पाइप अंगणात पसरून एकेक जोड सोडला. सगळे मोकळे. राहिला गालिच्यावर फिरवायचा हातातला पोकळ दांडा. त्याच्या वाकणात तार घातली आणि एक चिकट गोळा बाहेर आला.

केस, धागे आणि त्यांत लाल-पिवळ्या कॅप्सूल. बऱ्याचशा विरघळलेल्या, काही अजून शाबूत. बाबांच्या खाटेमागच्या भिंतीकडेला दांडा फिरवल्यावरच तर ओढ गेली होती. मी आत जाऊन तिथली कड उचलली. खाली आणखी होत्या, आतवर सारलेल्या.

या गावातल्या घरांना दारं नाहीत. या घरात तर कपाटालाही कुलूप नव्हतं. माणसानं लपवायचं तर कुठं लपवायचं? मला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला. बायकोच्या हातून गोळी घ्यायची, गालात धरायची, आणि तिची पाठ वळली की कडेला सारायची. आळ मात्र तिच्यावर.

मी मावशींना बोलावून सगळं दाखवलं. त्या खाली बसल्या. एक कॅप्सूल उचलून त्यांनी पदरानं पुसली.

"ह्ये म्हनायचे, आता पुरं झालं मला," त्या म्हणाल्या. "मी म्हनायचे, गप गिळा."

"अमृतला दाखवतो. तुमच्यावरचा आळ तरी जाईल."

"नको." त्यांनी सगळ्या गोळ्या वेचून पदरात बांधल्या. "आईवरचा राग पोरगं इसरंल. बाप आपल्याला सोडून आपनहून गेला, हे त्याला जन्मात सोसायचं न्हाई."

"अहो, पण तुमचा काय दोष?"

"दादा, एवढं ऐका माझं."

मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण मी गुमान दांडा जोडला आणि मशीन चालू केलं. ओढ आली. साचलेलं पाणी भराभर वर निघालं.

तेवढ्यात अमृत भांडी घेऊन आला. "काय अडकलं हुतं?"

मी मावशींकडे पाहिलं. "केस आन धागे."

"अडकनारच," तो आईकडे वळून म्हणाला. "हिला घरसुदीक धड झाडता येत न्हाई."

मावशींनी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

"व्हय रं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊन गेलं माझ्याकडनं."