जांभ्याच्या पुडीने घासलेली कडी

मी एक जुनी पोलादी कडी आहे. मधोमध एक भोक, एवढेच माझे रूप. पण मित्रांनो, माझी सारी किंमत त्या भोकातच होती.

घाटावरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतूस माझ्यासारख्या कडीत घालून पाहत. जाड काडतूस कडीतच अडले तर बरे, बंदुकीत अडले तर शिपायाच्या जिवावर बेतते. अशा कड्या तेव्हा विलायतेहून येत. "इथे एक घडवून पाठवा, माप जुळले तर काम देऊ," असा निरोप रत्नागिरीच्या भिकाजीला आला. मुंबईच्या गोदीत लेथवर लोखंड कातायला शिकून आलेल्या भिकाजीने मला जिवापाड जपून घडवले. मापाची विलायती दांडी माझ्यात घट्ट, पण अलगद सरकली, तेव्हा तो एकटाच हसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोटीने, मुंबईमार्गे घाटावर निघणार होते.

खंडेनवमीला त्याच्या बायकोने, राहीने, हत्यारांबरोबर मलाही पूजेला मांडले. दसऱ्याला पूजा उचलल्यावर भिकाजीने माझ्यात दांडी घातली. ती सुटून टणकन जमिनीवर पडली.

"अगो राही, हिला काय केलंस?"

"खाऱ्या वाऱ्यानं डाग पडले होते. देवापुढं तशीच मांडू काय? जांभ्या दगडाच्या पुडीनं घासली, आतूनसुद्धा. बघा, कशी चकाकत्येय!"

"भोक मोठं झालं गो! आता जाडं काडतूससुद्धा हिच्यातून जाईल."

राहीचा चेहरा उतरला. मग ती पदर खोचत म्हणाली, "लढाईची हत्यारं नि एवढी नाजूक? उठा, दुसरी करू. चाक मी फिरवत्ये."

दिवसभर तिने लेथचे चाक फिरवले. दिवेलागणीला दांडी नव्या कडीत नीट बसली.

"हिला हात लावू?" राहीने विचारले.

"लाव. पुडीचा तेवढा नको!"

माझी धाकटी बहीण बोटीने गेली आणि माप जुळले. पुढे भिकाजीच्या लेथवरून कितीतरी कड्या घाटावर गेल्या. मी मात्र देव्हाऱ्यात राहिले.

मित्रांनो, एखादी वस्तू चकचकीत करण्याआधी ती कशासाठी घडवली आहे, तेवढे विचारून घ्या. राही आता विचारते. दर खंडेनवमीला ती नव्या कड्या मऊ फडक्याने, तेलाच्या बोटाने पुसते. मला मात्र अजून जांभ्याची पूड लावते.

"तुला चालेल गो," असे हळूच म्हणते.

आणि मला चालते.