धरणावरच्या बीचची घोडी

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो. माझे नाव सावरी. उंचीने मी लहानच, मोठ्या माणसाच्या छातीला माझी पाठ लागते. शर्यतीचे घोडे तुम्ही चित्रात पाहिले असतील, तसली मी नव्हे. मी धनगरांची ओझ्याची घोडी. पण वेल्हे तालुक्यातल्या एका हॉटेलात सहा वर्षे मी पाहुण्यांच्या मुलांना पाठीवरून फिरवले आहे. तिथे जे घडले ते मला तुम्हाला सांगायचे आहे. त्यात सगळे गोड नाही. तरी ऐका.

माझा जन्म तोरण्याच्या मागच्या अंगाला, डोंगरातल्या एका धनगरवस्तीवर झाला. माझी मालकीण ठकुबाई आणि तिचा नवरा बिरू मेंढ्या राखत. माझी आई त्यांचे बिऱ्हाड पाठीवर वाहायची. भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची पाटी, कधी नुकतेच जन्मलेले कोकरू. मी चार महिन्यांचे शिंगरू होते, तेव्हा एका सकाळी ओढ्यावर बिबट्याने माझ्यावर झेप घेतली. आई मध्ये आली. दोनदा तिने त्याला लाथेने उडवले. तिसऱ्या वेळी त्याने तिचा गळा धरला तो सोडलाच नाही. ठकुबाई कुऱ्हाड घेऊन आली आणि सरळ त्याच्या अंगावर गेली. तो पळाला, पण आई तेव्हा नुसते पाय झाडत होती. ठकुबाई तिच्या मानेवर हात ठेवून, ती शांत होईपर्यंत बसून राहिली. मग तिने पदराने माझ्या मांडीवरचे रक्त पुसले आणि मला घरी आणले. शेळीच्या दुधावर मी वाढले.

ओझे वाहायला शिकवताना बिरूने मला पुष्कळ मारले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बापाने त्याला तसेच शिकवले होते. चाबूक दिसला की मी थरथर कापायची आणि पाठीवरचे सगळे सांडायची. एक दिवस ठकुबाईने तो चाबूक त्याच्या हातातून घेतला आणि चुलीत घातला.

"भ्यालेलं जनावर वझं टाकून पळतं," ती म्हणाली. "तुमाला वझं पायजे का भ्या पायजे?"

त्यानंतर बिरूने माझ्यावर हात उगारला नाही.

पुढे धरणाच्या काठावर हॉटेल उभे राहिले. मालक पुण्याचे. त्यांनी डंपर भरभरून वाळू आणली आणि काठावर पसरली. रंगीत छत्र्या लावल्या, नारळाची झाडे रोवली आणि दारावर पाटी लावली, 'निळाई बीच रिसॉर्ट, सहकुटुंब या.' समुद्र तर घाट उतरून गेल्यावरही बराच लांब आहे. ठकुबाई ती वाळू बघून म्हणाली, "आता लाटा बी डंपरनंच आणायच्या का?" तिथला मॅनेजर सोमनाथ, जवळच्याच विंझर गावचा. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, लाटांचं माहीत न्हाई, पण पोरांना घोडा पायजे. तुमची घोडी गरीब हाय. येता का?"

अशी मी बीचवरची घोडी झाले. दर शनिवारी-रविवारी मुले रांग लावून माझी वाट बघत. वाळूवरून उंबरापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढीच माझी वाट. एक मुलगा माझ्यावर बसला की रडायचा आणि उतरवले की जास्त रडायचा. एक आजी नातवाला बसवायला आल्या आणि शेवटी स्वतःच बसल्या. स्वागतकक्षात पाहुण्यांचे अभिप्राय चौकटीत लावलेले असत. त्यातला एक सोमनाथने ठकुबाईला वाचून दाखवला होता, 'खोल्या ठीक, जेवण तिखट, घोडी उत्तम.' ठकुबाईने तो तीनदा वाचायला लावला.

पण मित्रांनो, सगळे पाहुणे तसे नसत. कोणी मी कशी उडते ते बघायला माझ्या पायाशी सुतळी बॉम्ब लावला. फुटलेल्या बाटलीची काच माझ्या खुरात शिरली आणि पंधरा दिवस मी लंगडत होते. मोठी मुले टाचांनी बरगड्या ठेचत, आणि त्यांचे आईवडील म्हणत, "अजून जोरात!" ठकुबाई प्रत्येकाला अडवायची. "तुमची मजा व्हतीया, तिचं हाड दुकतंया," असे ती शांतपणे सांगायची. काही ऐकत, काही हसत.

पाण्यात मात्र ती कुणालाच जाऊ देत नसे. वाळू संपते तिथे हात-दोन हात पाणी आहे, पण त्याच्या पुढे जुन्या शेतांचे बांध बुडालेले आहेत. बांधाच्या खाली कमरेएवढा गाळ. तिथे लाल झेंड्या रोवल्या होत्या. झेंडीच्या पुढे मी कधीच गेले नव्हते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक कुटुंब आले. आई, बाबा आणि सात वर्षांची मुलगी. मुलीचे नाव शिवानी, आईचे प्रांजल. त्यांची सात नंबरची खोली वाळूकडे उघडत होती आणि मला खोलीच्या शेजारच्या झाडाला बांधलेले असे. शिवानीचे बाबा दिसायला देखणे होते. वाढप्यांशी हसून बोलायचे, सगळ्यांना 'दादा, दादा' करायचे. दुपारी खोलीचे दार लागले आणि आतून त्यांचा आवाज आला. मोठा नव्हता. मग काहीतरी भिंतीवर आपटले. मग पुन्हा. घोड्याचे कान तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असतात. मारलेला फटका कसा वाजतो हे मला माहीत होते.

थोड्या वेळाने प्रांजल बाहेर आली. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि गालाला ओढणी लावलेली होती. ठकुबाईने तिच्याकडे एकदा पाहिले.

"काय लागलं, बाई?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," प्रांजल म्हणाली.

ठकुबाईने पुढे विचारले नाही. पुढे कितीतरी दिवस ती बिरूला सांगायची, "तवाच इचारायला पायजे व्हतं."

चारच्या सुमारास बाबा शिवानीला घेऊन आले. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. शिवानीला खोगिरावर बसवून तिच्या मागे ते स्वतः चढले. ठकुबाई म्हणाली, "साहेब, फकस्त पोरांनीच बसायचं हाय. घोडी लहान हाय."

"पाच मिनिटं. पाण्यातून व्हिडिओ घ्यायचाय," ते म्हणाले, आणि प्रांजलकडे वळले. "तू मोबाईल धर. नीट धर."

"तिला नका नेऊ पाण्यात," प्रांजल हळूच म्हणाली. "घाबरतेय ती."

"मी तुला विचारलं का?"

त्यांनी लगाम ठकुबाईच्या हातातून ओढून घेतला आणि मला टाच मारली. मी पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत पाणी आले. झेंडीपाशी मी थांबले. त्यांनी पुन्हा टाच मारली. मी हलले नाही. काठावरून ठकुबाई ओरडत होती, "पुढं गाळ हाय! पोरगी हाय संगं!"

तेव्हा त्यांनी कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका मानेवर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्या वेळी पट्ट्याचे बक्कल माझ्या डाव्या डोळ्यात घुसले.

मित्रांनो, त्या दुखण्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. मी उधळले नाही, एवढेच सांगते. पाठीवर मूल होते. पण तोल गेला. माझे पुढचे पाय बांधावरून खाली गेले आणि मी पोटापर्यंत गाळात रुतले. शिवानी माझ्या मानेवरून पुढे पाण्यात पडली. बाबा मागच्या बाजूला उतरले. तिथे पाणी त्यांच्या मांडीएवढेच होते. मुलगी तीन हातांवर बुडत होती आणि ते मला पट्ट्याने मारत होते. "ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

ठकुबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. तिने शिवानीच्या केसांना धरून तिला वर ओढले आणि खांद्यावर टाकून काठावर आणले. मुलीच्या तोंडातून पाणी आणि चिखल आला. मग ती श्वास घेऊ लागली. बाबा पाण्यातून बाहेर आले आणि त्यांनी ठकुबाईच्या पाठीवर पट्टा ओढला. "तुझ्या जनावरानं माझी मुलगी मारली असती!" दुसऱ्या फटक्याला प्रांजलने त्यांचा हात धरला. त्यांनी तो हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला गाळातून ऐकू आला. ती वाळूवर पडली तरी ते थांबले नाहीत.

छत्र्यांखाली तीस-चाळीस माणसे होती. बऱ्याच जणांनी मोबाईल वर धरले होते. पुढे आला तो एकटा सोमनाथ. त्याने बाबांना मागून मिठी मारली आणि दोन आचाऱ्यांनी येऊन त्यांना खाली बसवले. मग ठकुबाई, पाठीतून रक्त येत असताना, दोर घेऊन पुन्हा पाण्यात आली. मला बाहेर काढायला तासभर लागला.

पोलीस आले. तोवर बाबांचा चेहरा पुन्हा हसरा झाला होता. "घोडी बिथरली. मी मुलीला वाचवायला धडपडत होतो. त्या गोंधळात बायकोला लागलं," त्यांनी सांगितले. प्रांजलला विचारले. तिने शिवानीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, आणि त्याच जबाबावर डाव्या हाताने सही केली. घोडी बिथरली. सोमनाथला हॉटेलच्या मालकांचा फोन आला होता. त्यानेही तेच सांगितले. मोबाईल वर धरणारे पाहुणे सामान बांधून निघून गेले होते. ठकुबाई एकटीच खरे बोलली. पण घोडी तिची, म्हणून तिचे बोलणे कुणी धरले नाही.

सोमनाथ खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मालक म्हनत्यात, असली घोडी हितं नको. कापूरहोळला खाटकाकडं जनावरं नेनारा टेम्पो येतो. देऊन टाका."

"टेम्पोत तू बस," ठकुबाई म्हणाली, आणि मला घेऊन डोंगर चढू लागली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पुष्कळ केले, पण डोळा गेला. एका अंगाने जग नाहीसे झाले. वाऱ्याने पान हलले तरी मी दचकायची. एकदा बिरू डाव्या बाजूने गवत घेऊन आला आणि मी त्यालाच लाथ मारली. मला वाटले, आता हा काठी उचलेल. तो मांडी चोळत खाली बसला आणि म्हणाला, "माजीच चूक. तुला दिसत न्हाई, ते इसरलो."

तीन आठवड्यांनी, सकाळी, वस्तीच्या वाटेवर मोटारसायकल वाजली. सोमनाथ होता. मागे प्रांजल आणि शिवानी. त्या भोरहून एसटीने वेल्ह्याला आल्या होत्या आणि तिथून सोमनाथने त्यांना आणले होते. प्रांजलचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आज तिने काळा चष्मा लावला नव्हता. डोळ्याखालचे निळे उघडे दिसत होते.

"मावशी," ती म्हणाली, "त्या दिवशी मी खोटं लिहून दिलं. घोडी बिथरली नव्हती."

"हे मला सांगून काय उपेग?" ठकुबाई म्हणाली. "जितं लिवलंय तितं जाऊन सांगा."

"तिथूनच आले. सगळं सांगितलं. त्या दिवसाचं, आणि आधीच्या आठ वर्षांचंही. आता मी आईकडे राहते, भोरला."

सोमनाथ दोन पावले मागे उभा होता. "म्या बी जबाब बदलून आलोय," तो म्हणाला. "नोकरीचं काय व्हईल त्ये व्हईल."

ठकुबाई दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "उन्हात नका हुबं ऱ्हाऊ. आत या. ताक पिता का?"

त्या माणसावर खटला उभा राहिला आहे. निकाल कधी लागेल ते मला ठाऊक नाही. मी घोडी आहे. पण प्रांजल ताक पिताना जे म्हणाली ते मी ऐकले. शिवानी त्या दिवसापासून एक शब्दही बोलली नव्हती. शाळेत नाही, आजीजवळ नाही, डॉक्टरांजवळ नाही. तिला फक्त घोडीला बघायचे आहे, हे तिने कागदावर लिहून दाखवले होते.

शिवानी एकटीच माझ्याकडे आली. ती डाव्या बाजूने आली. मला काही दिसले नाही, नुसता पालापाचोळा वाजला. मी फुरफुरले, कान मागे टाकले आणि पाय उचलला. ती जागच्या जागी थिजली.

"थांब, बाळा," ठकुबाई दारातून म्हणाली. ती धावली नाही. "त्या डोळ्यानं तिला दिसत न्हाई. कुनी आलं की तिला वाटतं मारायलाच आलं. आदी बोलायचं, मंग हात लावायचा."

शिवानी उभी राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी पाय तसाच उचलून धरला होता. दोघींनाही सारखीच भीती वाटत होती, मित्रांनो.

मग अगदी बारीक, घोगरा आवाज आला.

"सावरी, मी आहे. शिवानी. मी मारणार नाही."

मी पाय खाली ठेवला. तिचा छोटा हात माझ्या मानेवर, जिथे पट्ट्याचा वळ होता, तिथे आला. दारात प्रांजलच्या हातातला पेला पडला. तो कुणीच उचलला नाही.

आता मी बीचवर जात नाही. वस्तीजवळच्या माळावर चरते. मित्रांनो, तुम्ही सुट्टीत कुठेही गेलात आणि तिथे एखादे घोडे, उंट किंवा गाढव उभे दिसले, तर त्याला आधी तुमचा आवाज ऐकू द्या. आणि शेजारच्या बंद दारातून फटक्याचा आवाज आला, तर मोबाईल वर धरून गप्प उभे राहू नका. जाऊन मोठ्या माणसांना बोलावा. ती ऐकत नसतील तर दुसऱ्यांना बोलावा. ते आवाज मी ऐकले होते, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.