पेवात मुरलेली बिअर

२०१६ साल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. तलवाड्याजवळच्या आमच्या वस्तीवर टँकर कधी यायचा, कधी नाही. मी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाल्ली होती. त्यामुळं त्या उन्हाळ्याची भीती वाटत नव्हती. भीती होती ती कोयत्याची.

ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयता म्हणतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादम ट्रक घेऊन येतो आणि गावातले कोयते पश्चिमेकडं नेतो. निम्मं वर्ष पालात, पोरंबाळं उघड्यावर. ते थांबावं म्हणून आम्ही बायकांनी गुऱ्हाळाची सहकारी संस्था काढली होती. गोदावरीकाठचा थोडा ऊस मिळायचा, त्याची काकवी करायचो. पण ती घेणार कोण?

माझ्या बहिणीचा मुलगा रामहरी पुण्यात बिअर बनवायचा. बेल्जियमला जाऊन शिकून आला होता. तिकडच्या कडक बिअरमध्ये साखरेचा काळा पाक घालतात म्हणे. यानं आमची काकवी घातली. आदल्या वर्षीच्या संक्रांतीला त्या बिअरच्या हिरव्या बाटल्यांच्या पेट्या घेऊन तो माझ्या दारात आला.

"मावशी, ही लगेच प्यायची न्हाई, वरीसभर मुरवायची. गार, अंधारी जागा पायजे."

लोणच्यासारखं, एवढं मला कळलं. अंगणातलं पेव रिकामंच होतं. सासऱ्यांच्या काळात जमिनीखालच्या त्या खड्ड्यात इतकी ज्वारी असायची, की तोंड उघडलं की वास शेजारच्या आळीपर्यंत जायचा. आता तिथं बाटल्या उतरवल्या आणि तोंड शेणमातीनं लिंपलं. बिअर चांगली मुरली तर दरसाल सगळी काकवी घेईन, असं रामहरीनं कबूल केलं होतं. बिघडली तर गुऱ्हाळ बंद, आणि बायका पुन्हा ट्रकमध्ये.

गुऱ्हाळाची शेड गावच्या सोसायटीची होती आणि सोसायटीचे चेअरमन होते सुंदरराव, भावकीतले माझे दीर. मुकादमही तेच. आमच्यामुळं त्यांचे कोयते कमी झाले होते. पेवात बाटल्या आहेत हे कळल्यावर त्यांनी माझ्याच अंगणात गाव गोळा केलं. लोकांना प्यायला पाणी नाही आणि या बायका दारू पुरून ठेवतात, शेड खाली करा, असं त्यांचं म्हणणं. रामहरी त्या दिवशी बाटली चाखायलाच आला होता. त्यानं परवाने दाखवले, ते कोणी बघितले नाहीत.

सुंदररावांनी पेव उघडायला लावलं आणि वरच्या पेटीतल्या बाटलीचं बूच स्वतः काढलं. पावसात भिजलेल्या बोकडाचा वास सुटला.

"वयनी, ही बिअर हाय का बोकड धुतल्यालं पाणी?"

माणसं पोट धरून हसली. रामहरीनं बाटली नाकाला लावली आणि त्याचा चेहरा उतरला. हिला ऊन लागलंय, म्हणाला, पेवात ऊन कुठून आलं?

आमच्या संस्थेची सेक्रेटरी चंद्रभागाबाई हळूच पुढं आली. "म्याच दावलं. लोणच्याला दावतो की आपण ऊन. लिंपण काढून वरली पेटी तेवढी चार दिस माळवदावर ठिवली. बुरशी धरंल म्हणलं."

हशा आणखी वाढला. सुंदररावांनी शेडच्या किल्ल्या मागितल्या. मी चंद्रभागेला मागं केलं आणि पेवाच्या काठाशी जाऊन उभी राहिले.

"भावजी, खालची पेटी काढा."

"आन् पिणार कोण?"

"मी पिते. हितंच."

"गावापुढं? भावकीची काही अब्रू हाय का न्हाई?"

"तुमी बीडला जाऊन पिता तवा ती अब्रू कुठं ठिवून जाता?"

या वेळी बायका हसल्या.

खालच्या पेटीतल्या बाटलीचं बूच उडालं तशी पोरं मागं सरली. रामहरीनं स्टीलच्या पेल्यात ओतली. रंग काकवीचा, वर दाट फेस. मी पदर डोक्यावर सारखा केला आणि घोट घेतला. आधी जीभ कडवट झाली. मग कढईच्या कडेला लागलेल्या काकवीची चव आली, भिजलेल्या मनुकांची आली, आणि शेवटी सुंठीसारखी ऊब घशातून खाली उतरली.

"मुरलीया," मी म्हणाले.

पेला चंद्रभागेला दिला. तिनं गुऱ्हाळातल्या रतनबाईला दिला, रतनबाईनं सुनेला. सासरे, नवरे, दीर समोर उभे होते आणि पेला फिरत राहिला. एकीनं तोंड वाकडं केलं, पण थुंकलं कुणीच नाही. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. शेड पाहिजे तर कुलूप तोडायला या, आम्ही आत बसलेल्या असू, असं मी सांगितलं. कुणी आलं नाही. दिवाळीनंतर ट्रक आला आणि आमच्या वस्तीवरून रिकामा गेला.

रामहरीनं शब्द पाळला. लॉकडाऊनमध्ये त्याचा कारखाना बंद पडला. आता नाशिकला छोटा चालवतो, काकवी थोडी नेतो, पण नेतो. चंद्रभागाबाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. गुऱ्हाळ तिची सून बघते आणि ती कुणाचं ऐकत नाही. रतनबाई लेकीकडं औरंगाबादला असते. सुंदरराव सोसायटीची पुढची निवडणूक हरले, मुकादमी पोरानं घेतली. गुडघे धरल्यामुळं लांब जाववत नाही, म्हणून दुपारी माझ्याकडं चहाला येतात आणि त्या दिवसाचा विषय काढत नाहीत. मीही काढत नाही. मला डॉक्टरांनी बिअर बंद करायला सांगितली आहे. मी हो म्हणाले आहे, आणि दिवाळीला एक पेला घेते.