रविवारी बघू

पहिलं भाषण

"भिकनआप्पा म्हणजे कुटुंबवत्सल, संगीतप्रेमी, क्रीडाप्रेमी व्यक्तिमत्त्व!" वॉर्डातले पुढारी गोदाकाठी माइकवर सांगत होते. आज आप्पांचा दहावा. त्यांचा मुलगा शेखर मान खाली घालून बसला होता, कारण हे तीन शब्द त्यानेच सकाळी चिठ्ठीवर लिहून दिले होते. फ्लेक्सवरही तेच होते. "मजकूर कोणता टाकू?" असं फ्लेक्सवाल्याने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "नेहमीचा टाक."

भिकन आहेर बत्तीस वर्षं महापालिकेचे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवत होते. स्वतःच्या गल्लीचं पाणी सगळ्यांत शेवटी सोडायचे. त्यावरून बायकोची बोलणी खायचे आणि पेटी काढून तिलाच गायला बसवायचे. निवृत्तीनंतर वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवायचे. मैदानाच्या रेषा व्हॉल्व्हच्या जुन्या, काठीएवढ्या लोखंडी चावीने मातीत ओढायचे.

भाषणात यातलं काही आलं नाही.

दुसरं भाषण

दुसरे वक्ते आप्पांना कधी भेटले नव्हते, तरी त्यांचा गळा दाटून आला.

पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून राहिले.

"काहीतरी मनात राहिलं असेल," कुणीतरी म्हणालं. "आईला सांभाळीन म्हण."

शेखरने हात जोडून म्हटलं. कावळे हलले नाहीत.

"मुलीला खूप शिकवीन म्हण."

तेही म्हटलं. ऊन चढत चाललं.

"शेखर," नांदगावहून आलेली अक्काबाई आत्या म्हणाली, "त्या पाखराला काय इचारतो? तुझ्या बापाला काय हवं होतं, तुला माहीत नाय?"

"आत्या, ते कधी काही बोललेच नाहीत."

"बोलला नाय, का तू ऐकलं नाय?"

मागून स्नेहल पुढे आली. आप्पांच्या पहिल्या संघातली ही मुलगी आता शाळेत खेळ शिकवते.

"दादा, खांबाचं बोलले होते ना तुम्हाला?"

खांब. मैदानाचा एक लोखंडी खांब दिवाळीत बुडाशी गंजून मोडला होता. शेखर अंबडच्या कारखान्यात वेल्डर. त्याला अर्ध्या तासाचं काम. आप्पांनी चार वेळा विचारलं होतं. चारही वेळा शेखर म्हणाला होता, "रविवारी बघू." पाचव्यांदा त्यांनी विचारलं नाही. शेखरला वाटलं, विसरले.

"मग खेळ बंद पडला?" त्याने विचारलं.

"नाही. मोडक्या खांबाच्या जागी ते स्वतः उभे राहायचे. मुली त्यांना हात लावून वळायच्या."

तिसरं भाषण

"आता चिरंजीव शेखर दोन शब्द बोलतील."

त्याने माइक हातात घेतला. माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. त्याने तो परत दिला.

"खांबाचं कबूल कर," कुणीतरी कुजबुजलं.

"आता कुणाला कबूल करू?" शेखर म्हणाला.

गुरुजींनी वर उन्हाकडे पाहिलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. विधी पूर्ण झाला. खरे कावळे तिथेच बसून होते.

रविवार

मंडळी, आपल्या घरातलं माणूस एखादी गोष्ट चारदा मागतं, पाचव्यांदा गप्प बसतं, आणि आपण त्याला समाधानी समजतो. मेल्यावर त्याच्या मनातलं कावळ्याला विचारू नका. आज घरी जा, त्याच्याजवळ बसा, त्यालाच विचारा. आणि तो जे सांगेल ते रविवारवर ढकलू नका.

शेखरने खांब जोडला, पुरला. आप्पांच्या चावीने रेषा ओढल्या, वाकड्या आल्या. मुली खेळायला लागल्या. पहिलीच मुलगी भरधाव आली आणि खांबाशी येताच तिने वेग कमी केला. अलगद हात लावून वळली.

दुसरीनेही तसंच केलं.

आप्पांना धक्का लागू नये, म्हणून लागलेली सवय होती ती.