पोस्टरवरची अराबा

अराबा गेली आणि तिचा थोरला भाऊ एबो अंत्यविधीच्या पोस्टरसाठी फोटो मागायला घानातल्या टेमा बंदराला आला. अंत्यविधी कधी, कपडे कोणत्या रंगाचे, पोस्टरवर काय लिहायचं, हे सगळं रिवाजाप्रमाणे बाईच्या माहेरची माणसं ठरवणार. नवऱ्यानं शवपेटी आणायची आणि गप्प बसायचं. अराबाच्या नवऱ्याची, क्वामेनाची, त्याला हरकत नव्हती. भिंतींवर जी लागेल ती अराबाच असावी, एवढंच त्याला हवं होतं.

"फोटोंना काय तोटा?" एबो म्हणाला. "घरात फोटोग्राफर पोसलीय तुम्ही, दाजी."

लेक एकुआ अक्रात फोटोग्राफी शिकत होती. आपलं घर, आपली गल्ली दाखवा, असं शाळेत सांगितलेलं. म्हणून वर्षभर तिनं शाळेच्या कॅमेऱ्यानं आईचेच फोटो काढले होते. तिनं खोका आणून टेबलावर उपडा केला. मासळी धुरवायच्या भट्टीवर वाकलेली पाठ. जाळीवरचे मासे उलटणारे हात. भट्टीशेजारी पसरलेले पाय. डोक्यावर घमेलं घेऊन गल्लीच्या टोकाला पोचलेली अराबा, पाठमोरी. एबोनं एकेक पाहिला. मग रिकाम्या खोक्यातही डोकावून पाहिलं.

"तोंड कुठंय?"

एकुआ फोटो सारखे करू लागली.

"अगं, शेजारच्या बकरीचंसुद्धा तोंड काढलंयस. आईचं?"

"सर म्हणायचे, मामा, चेहरा कोणीही काढतो. चेहऱ्याशिवाय माणूस ओळखू आलं पाहिजे." ती खाली बघत म्हणाली. "आणि आईच म्हणायची, तोंड नको, धुरानं काळं झालंय. ईस्टरला नवे कपडे शिवते, तेव्हा काढ."

लग्नाचे फोटो मागे घरात पाणी शिरलं तेव्हाच गेले होते. उरलं मतदार कार्ड. त्यावर अराबा कुणीतरी ओरडल्यासारखी घाबरून बघत होती.

छपाईच्या दुकानात दुकानदारानं तो नखाएवढा चेहरा संगणकावर मोठा केला, रंग उजळला, आणि चेहऱ्याखाली जोडायची आपल्याकडची तयार धडं दाखवू लागला. केंटेचं, म्हणजे मानाच्या हातमाग कापडाचं, झगमगीत वस्त्र, कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या, मांडीवर ठेवलेले गुबगुबीत हात.

"हे घ्या. याला फार मागणी आहे."

एबोला पसंत पडलं. क्वामेनानं खिशातून एकुआनं काढलेला हातांचा फोटो काढला.

"तोंड कार्डावरचं राहू द्या. पण हात हे लावा. जमेल ना?"

"जमेल की, काका," दुकानदार म्हणाला आणि एबोकडे बघू लागला.

एबोनं फोटो उजेडात धरला. काळी नखं, अंगठ्याला चीर.

"दाजी, सगळं गाव येणार. माझ्या बहिणीला अशी भिंतीवर लावू?"

"तिचेच हात आहेत, दादा."

"म्हणूनच नको." एबोनं फोटो टेबलावर पालथा ठेवला. "जन्मभर धुरात बसली ती. आता तरी बांगड्या घालू दे तिला."

क्वामेनानं फोटो उचलून परत खिशात घातला.

पोस्टरं लागली. बंदराच्या भिंतीपाशी मासळीवाल्या बायका थांबून बघत होत्या. "काय दिसतेय बाई. राणीच जणू," एक म्हणाली. "हो," क्वामेना म्हणाला. एकदा तर तो एका पोस्टरसमोरून तसाच पुढे गेला. कोण वारलं म्हणून मागे फिरून त्याला नाव वाचावं लागलं.

घरी एकुआ कॅमेरा पिशवीत भरत होती.

"परत करून येते, बाबा. शाळा सोडली मी."

"का?"

"एक फोटो काढायचा होता. तेवढाही झाला नाही माझ्याकडून."

क्वामेना खाटेवर बसला. "तू काय, मी काय. ईस्टर येईल असंच धरून चाललो आपण."

त्यानं खोका ओढून घेतला आणि अराबा झोपायची त्या बाजूला चादरीवर फोटो मांडू लागला. आधी पाठीचा, मग खिशातला हातांचा. एकुआ उभीच राहिली. मग पुढे होऊन तिनं पायांचा फोटो खाली सरकवला. उशीवर ठेवायला दोघांपाशी काही नव्हतं.

दुपारच्या उन्हानं खोली तापली होती. क्वामेना आपल्या बाजूला भिंतीला लागून आडवा झाला. फोटो चुरगळतील म्हणून त्यानं अंग चोरून घेतलं.