तलवारीशी लग्न, प्रवेश तिसरा

(जसा लिहिला होता.)

राजवाडा. राजा कटकच्या मोहिमेवर. दोन राण्या, पाळणा रिकामा, म्हणून तिसरी. नवरदेव हजर नसला तरी मुहूर्त टळत नाही. त्याची तलवार येते, तिला मुंडावळ्या बांधतात, नवरी तिलाच माळ घालते. पट्टराणी डोळे पुसून म्हणते, "राज्याला वारस हवा. माझी संमती आहे." पडदा.

मधुसूदन मास्तरांनी लिहिलं आणि महाल भागातल्या गणेशोत्सवात बसवलं. साल १९६७.

(पडद्यामागे.)

पट्टराणी झाली वच्छला, तार ऑफिसातली. राजा झाला तिचा खराखुरा नवरा, मनोहरराव. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. लेडी डॉक्टर वच्छलाला तपासून म्हणाली होती, "तुझ्यात काही दोष नाही. आता नवऱ्याला पाठव." मनोहरराव म्हणाले, "मले काय झालं?" आणि विषय संपला. सासूबाई यमुताईंनी भिवापूरची एक मुलगी पाहून ठेवली. आत्ता त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"लिहिलं तेवढंच बोलजो वं," मिशी चिकटवत मनोहरराव म्हणाले.

"गळ्यातून निघालं तर बोलीन."

(जसा झाला.)

तलवार आली. तिसरी राणी, म्हणजे शेजारची पंचफुला, माळ घेऊन वाकली.

पट्टराणी: थांबा. राजवैद्यांना बोलवा.

राजवैद्याला या प्रवेशात काम नव्हतं. ते सोंग घेतलेले रुपराव विडी विझवून धावत आले.

पट्टराणी: दोन्ही राण्यांना तुम्ही तपासलं. दोष निघाला?

राजवैद्य: (खरंच घाबरून) नाही, महाराणी.

पट्टराणी: आणि महाराजांत?

राजवैद्य: त्यांनी नाडीच पाहू नाही दिली.

बायकांच्या बाजूला एक हसली. मग सगळ्या.

पट्टराणी: महाराजांना बोलवा.

"अवं, तो कटकला आहे," मास्तर विंगेतून दबक्या आवाजात म्हणाले. पण मनोहररावांना मागून कोणीतरी ढकललंच होतं.

"कटकाहून कोणत्या गाडीनं आला गा राजा?" प्रेक्षकांतून आवाज आला.

राजा उभा. मुकुट तिरपा. संवाद नाही.

पट्टराणी: तिसरीचाही पाळणा रिकामा राहिला, तर चौथी आणणार?

पंचफुला: मी तर घरी चालली बाप्पा.

राजा: (हळूच) वच्छला, घरी बोलू नं.

"घरी तर आठ वर्षांपासून बोलून राहिली मी."

हसणं थांबलं. पहिल्या रांगेत यमुताई उठून उभ्या राहिल्या.

"मन्या, तू तर मले म्हणाला होता, डॉक्टरले दाखवून आलो."

आता मात्र पुरुषांची बाजूही हसली. राजाने मुकुट काढला, बगलेत धरला.

"उद्या जातो," तो म्हणाला. आईकडे बघून नाही, वच्छलाकडे बघून.

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच पडदा ओढला.

(वेळ दुसऱ्या दिवशीची. सीताबर्डी, दवाखान्यातला बाक.)

शेजारचा माणूस: कालच्या नाटकात तुम्हीच राजा झाले होते नं?

मनोहरराव: हो.

शेजारचा: बाईले बरं नाही का?

मनोहरराव: बाई ऑफिसात गेली. मीच दाखवाले आलो.

शेजारचा जरा सरकून जवळ आला. "मीही माझ्याचसाठी आलो," तो म्हणाला. "कालच आलो काटोलहून. घरी सांगितलं, संत्र्याचा भाव पाहून येतो."

मनोहरराव इतके हसले, की कंपाउंडरला त्यांचं नाव पुन्हा पुकारावं लागलं.